दात पांढरे करायला गेलो आणि हिरडी पोळली, आता काय?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची आहेत, घरी दात पांढरे करायची किट्स. लग्नसराई जवळ आली की इंदुरात हे दर वर्षी होतं, फोन उघडला की तीच जाहिरात आणि दोन दिवसांत डबा दारात. म्हणून आजचं सगळं पान त्यालाच दिलंय. पत्रं थोडी लहान केली आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी सुदामा नगरात राहते, वय २७, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. ऑनलाइन एक किट मागवलं, त्यात निळा लाइट, एक सिलिकॉनचा ट्रे आणि जेलच्या सिरिंज आहेत, त्यावर ३५ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड लिहिलंय. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही म्हणून तिसऱ्या रात्री जेल जरा जास्त घातलं आणि सीरियल बघता बघता वेळही जास्त झाला. ट्रे काढला तर वरच्या समोरच्या दातांच्या हिरड्या पांढऱ्याफटक. सकाळी पोह्यांवर नेहमीसारखा जिरावन मसाला आणि लिंबू घेतलं तर अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणते हिरडी मेली. खरंच का? आणि लग्नापर्यंत दात पांढरे होतील की आता सगळं सोडून देऊ?

आधी आईंना सांगा, हिरडी मेलेली नाही. आपल्या पेशींमध्ये आणि रक्तात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, पेरॉक्साइड हिरडीला लागलं की ते त्याचं ताबडतोब पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, आणि तो ऑक्सिजन बारीक बुडबुडे होऊन वरच्या थरात अडकतो म्हणून हिरडी पांढरी दिसते. लहानपणी गुडघा फुटला की दवाखान्यात जे औषध ओतायचे आणि फसफस फेस यायचा ते हेच. नुसतं एवढंच झालं असेल तर काही तासांत, फार तर दोन-एक दिवसांत हिरडी आपोआप गुलाबी होते. पण तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा इतकी आग होतेय म्हणजे वरचा थर थोडा पोळलाय. तो पांढरट सालीसारखा सुटून येईल आणि खाली लाल कच्ची जागा दिसेल, ती बघून घाबरू नका आणि ती साल नखाने किंवा ब्रशने ओढू तर अजिबात नका. हिरडी लवकर भरून येते, साधारण आठवडाभरात ही जागा पूर्ववत होते.

आता झालं कशामुळे ते नीट समजून घ्या कारण हेच बाकीच्या सगळ्यांनाही लागू आहे. ३५ टक्के कार्बामाइड म्हणजे ३५ टक्के पेरॉक्साइड नव्हे, कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण एक तृतीयांश हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं आणि बाकीचा युरिया, म्हणजे तुमच्या सिरिंजमध्ये जवळपास १२ टक्के पेरॉक्साइड होतं. आम्ही घरी न्यायला जे देतो ते बहुतेक वेळा १० किंवा १६ टक्के कार्बामाइड असतं, त्यातल्या १० टक्केवाल्यात पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपास. युरोपात २०१२ पासून नियम आहे की ०.१ टक्क्याच्या वर पेरॉक्साइड असलेलं काही दुकानातून ग्राहकाला थेट विकायचं नाही, त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतचं असेल तर ते डेंटिस्टच्या हातून आणि तेही १८ वर्षांवरच्यांनाच. तुम्ही घरी, कुणी दात न बघता, त्याच्या दुप्पट वापरत होता. यात तुमचा दोष मी काढत नाही, डब्यावर हसरा फोटो असतो आणि आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरात, मोठा आकडा म्हणजे चांगला माल असंच कुणालाही वाटणार.

पण खरं सांगायचं तर आकड्यापेक्षाही जास्त घोळ त्या ट्रेने केलाय. सगळ्यांना बसेल असा ट्रे म्हणजे कुणालाच नीट बसत नाही. दवाखान्यात जबड्याचं माप घेऊन प्लास्टरचा साचा बनतो, त्यावर पातळ ट्रे तयार होतो आणि त्याची कड हिरडी सुरू होते तिथपर्यंतच कापलेली असते, म्हणजे जेल दातावरच राहतं. किटमधला ट्रे ढगळ असतो, चावला की जेल वर सरकतं आणि हिरडीवर जाऊन बसतं, आणि तुम्ही जास्त घातलं होतं म्हणजे ते जाणार दुसरीकडे कुठे. एका दाताला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. त्याहून जास्त घातलेलं दात पांढरे करत नाही, ते फक्त हिरडी पोळवतं. ट्रे बसवल्यावर कडेने जे बाहेर येईल ते लगेच स्वच्छ बोटाने किंवा कोरड्या मऊ ब्रशने पुसून घ्यायचं, हे पुसणं लोक विसरतात आणि मग म्हणतात जेल खराब होतं. निळ्या लाइटबद्दल पण विचारलं जातं म्हणून सांगते, घरच्या लाइटने फारसा फरक पडत नाही, काम जेल करतं.

एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते, घरी दात पांढरे करायची ही पद्धत मुळात हिरडीच्या औषधातूनच निघाली. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आर्कान्सामधला एक दात सरळ करणारा डॉक्टर, बिल क्लसमायर, पेशंटच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक रात्री ट्रेमध्ये घालून द्यायचा, हिरड्या तर बऱ्या झाल्याच पण दातही उजळलेले दिसले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत नीट लिहून छापली आणि मग ती जगभर गेली. म्हणजे हे रसायन हिरडीचं शत्रू नाहीये, ताकद किती, थेंब किती आणि बसतंय कुठे यावर सगळं आहे.

आता आजपासून काय करायचं. जेल पूर्ण बंद. अर्धा चमचा मीठ ग्लासभर कोमट पाण्यात घालून दिवसातून तीन-चार वेळा हळू चूळ भरा, खळखळ जोर लावून नको. ब्रश मऊच, पोळलेल्या जागेला दोन दिवस ब्रश लावला नाही तरी चालेल पण बाकीचे दात घासा, सगळंच घासणं सोडलं तर मळ साचून वेगळी सूज येते. अल्कोहोलवालं माउथवॉश बंद. जिरावन, लिंबू, तिखट शेव, गरमागरम गराडू हे सगळं थोडे दिवस नाही, दहीभात, खिचडी, गार दूध चालेल, सराफ्याच्या खाऊगल्लीत मैत्रिणींबरोबर गेलात तर रबडी खा. आग फार असेल तर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टोचून तेल जागेवर हलकं लावा, त्याने बऱ्याच जणांना आराम पडतो, आणि पॅरासिटामॉल चालत असेल तर एखादी घ्या. सूज वाढली, पू दिसला, ताप आला, किंवा आठ-दहा दिवसांतही जागा भरली नाही तर वाट बघत बसू नका, दाखवा.

लग्नाचं म्हणाल तर सोडून द्यायची गरज नाही, महिना हातात आहे म्हणजे बराच वेळ आहे. हिरडी भरली की आधी जवळच्या डेंटिस्टकडे जाऊन स्केलिंग करून घ्या, कारण चहाचा आणि मळाचा थर हा वरचा पिवळेपणा असतो, तो जेलने घालवायचा नसतो, तो मशीनने निघतो आणि कित्येकांना तेवढ्यानेच हवं ते मिळतं. डॉक्टर त्याच वेळी कीड, तडा, उघडी मुळं आहेत का ते बघतील, हे बघणं महत्त्वाचं आहे, किडलेल्या दातात जेल गेलं तर जी कळ येते ती विचारू नका. मग माप देऊन ट्रे करून घ्या आणि १० टक्केवालं रात्री लावा. साधारण दोन आठवड्यांत चांगला फरक दिसतो, सावकाश होतं पण हिरडी शाबूत राहते. लग्नाच्या आठवडाभर आधी थांबा. जेल काढल्यावर लगेच दात थोडे कोरडे पडलेले असतात म्हणून जास्तच पांढरे दिसतात आणि नंतर रंग थोडा खाली येऊन स्थिरावतो, हे आधीच माहीत असलं की आयत्या वेळी घाबरून पुन्हा सिरिंज हातात घेतली जात नाही. आणि समोरच्या दातात सिमेंट किंवा कॅप असेल तर तिचा रंग बदलत नाही, आजूबाजूचे उजळतात आणि ती तशीच राहते, ती बदलायची असेल तर पांढरं करणं संपल्यावर दोनेक आठवड्यांनी, कारण त्याआधी सिमेंट नीट धरत नाही. म्हणजे कॅपवाली मंडळी असतील तर त्यांनी हिशोब आधी करावा. डेंटिस्टकडे जाताना ती सिरिंज बरोबर न्या, लपवू नका, ती बघून त्यांचं काम सोपं होतं.

प्रश्न : माझ्या सुनेची हिरडी दात पांढरे करायच्या पट्ट्यांनी पोळली. मी तिला लवंगेचं तेल कापसावर लावून दिलं, आमच्याकडे दातदुखीला तेच करतात, पण आग अजून वाढली. आता हळद लावू की तुरटीच्या पाण्याने चूळ भरायला सांगू? (राजेंद्र नगर)

काकू, सुनेसाठी धावपळ करताय हे वाचून बरं वाटलं, पण लवंगेचं तेल आता लावू नका. त्यात युजेनॉल असतं, किडलेल्या दाताच्या खड्ड्यात त्याने बधिर वाटतं हे खरं आहे पण कच्च्या हिरडीवर निव्वळ तेल ठेवलं की ते स्वतःच पोळवतं, म्हणजे एका भाजण्यावर दुसरं भाजणं झालं. तुरटीही नको, ती कातडी आवळते आणि चुरचुर वाढवते. हळदीने नुकसान नाही होणार पण ती चोळायची नाही. काही घरांत अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताजवळ धरून ठेवायची सवय असते, ती तर फार वाईट, ती आम्लाची गोळी आहे आणि तिने हिरडी पांढरी होऊन सोलवटते, अ‍ॅस्पिरिन पोटात गेल्यावर काम करतं, हिरडीवर ठेवून नाही. सुनेला मिठाच्या कोमट पाण्याची चूळ द्या, गालावर बाहेरून रुमालात बर्फ गुंडाळून ठेवा, मऊ जेवण द्या. आणि ती आई होणार असेल किंवा बाळाला पाजत असेल तर हे पांढरं करणं सध्या बंदच ठेवा, ही काही घाईची गोष्ट नाही.

प्रश्न : वय ४१, बँकेत नोकरी. मी दातांवर चिकटवायच्या जेलच्या स्ट्रिप्स वापरल्या, हिरडीला काही झालं नाही पण गार पाणी प्यायलं की सुळ्यात सणकन कळ जाते, सकाळी नळाच्या पाण्याने चूळ भरताना पण. स्ट्रिप्स बंद करू का? एक सुळा बाकीच्यांपेक्षा लांब दिसतो आणि त्याच्या वरचा भाग पिवळाच राहिला.

तुमचा प्रश्न हिरडीचा नाही, दात आंबण्याचा आहे, आणि दोन्हीचा उपाय वेगळा आहे. हिरडीची आग सतत असते, जीभ लावली की जागा सापडते. दाताची कळ गार, गोड, वारा लागला की येते आणि सेकंदात जाते. पेरॉक्साइड दाताच्या आत झिरपतं, पाच ते पंधरा मिनिटांत ते नसेपर्यंत पोचलेलं असतं, आणि नस थोडी चिडते. पांढरं करणाऱ्या बऱ्याच लोकांना हे होतं आणि थांबवल्यावर बहुतेक वेळा काही दिवसांत निघून जातं.

तुमच्याकडे मात्र अजून एक गोष्ट आहे, सुळा लांब दिसतो म्हणजे तिथली हिरडी वर सरकली आहे आणि मूळ उघडं पडलंय. मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, नसतं, त्यामुळे तिथे कळ जास्त येते आणि रंगही उजळत नाही, मुळाचा रंग पिवळाच असतो. किती स्ट्रिप्स लावल्या तरी ते पांढरं होणार नाही म्हणून त्याच्या मागे लागू नका, उलट स्ट्रिप हिरडीच्या कडेपर्यंत कापून लावा म्हणजे मूळ सुटेल. स्ट्रिप जिथे दुमडते तिथे हिरडीला टोचते आणि तिथेच जेल साचतं, म्हणून कात्रीने ज्याच्या त्याच्या दातांच्या मापाने कापलेली बरी.

आठवडाभर बंद ठेवा. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट रोज दोन वेळा वापरा, तिचा असर लगेच दिसत नाही, नस शांत व्हायला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळे खरं तर ती पांढरं करायला सुरुवात करण्याच्या आधीपासूनच वापरायला हवी. पेस्ट लावून थुंकून टाका, खळखळून चूळ भरू नका म्हणजे ती दातावर राहते. मग परत सुरू केलंत तर एक दिवसाआड. आणि हिरडी का सरकली हे डेंटिस्टला विचारा, आडवा घासून जोर लावणारा ब्रश असेल तर ते हातातलं आहे, पण हिरडीतून रक्त येत असेल आणि दातांच्या मुळाशी दगडासारखा मळ असेल तर ती वेगळी व्याधी आहे, तिचा इलाज आधी, पांढरेपणा नंतर. कळ एकाच दातात, रात्री झोपेतून उठवणारी, गरमने येणारी आणि मिनिटभर रेंगाळणारी असेल तर तो स्ट्रिपचा परिणाम समजू नका, एक्स-रे काढा.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे, मित्रांचं बघून किट मागवायचं म्हणतो. रागावलं तर ऐकत नाही.

रागावू नका, कारण सांगा. या वयात दाताच्या आतली नसेची जागा मोठी असते आणि दातही पुरते पक्के झालेले नसतात, म्हणून १८ च्या आत आम्ही सहसा पांढरं करत नाही. डेंटिस्टकडे घेऊन जा, दात साफ करून द्या, बऱ्याचदा तेवढ्याने मुलांचं समाधान होतं. आणि त्याला हेही सांगा की पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसरच असतात, तसे ते सगळ्यांचेच असतात.

प्रश्न : केमिकल नको म्हणून मी लिंबू आणि खायचा सोडा लावते, कधी कोळशाची पावडर. नैसर्गिक आहे तर मग हिरड्या का सोलतात?

कारण लिंबू नैसर्गिक असलं तरी आम्ल आहे, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोन-अडीचच्या आसपास, आणि दाताचं इनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. लिंबू लावून लगेच घासलं म्हणजे मऊ झालेलं इनॅमल ब्रशने खरवडून काढलं. सुरुवातीला दात उजळ वाटतात कारण वरचा डाग जातो, पण इनॅमल पातळ झालं की खालचं पिवळं डेंटिन जास्त दिसायला लागतं आणि दात पहिल्यापेक्षा पिवळे दिसतात, मग अजून लिंबू, हे चक्र मी खूप बघते आणि मनापासून वाईट वाटतं कारण गेलेलं इनॅमल परत येत नाही. हिरडीचं तरी बरं, ती भरून येते. कोळशाची पावडर खरखरीत असते, ती हिरडीच्या कडेत जाऊन बसते, काळी रेघ दिसते आणि घासून हिरडी सोलते. दोन्ही बंद करा. पोह्यांवर लिंबू पिळून खा, त्याला कुणी नाही म्हणत नाही, फक्त खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने.

प्रश्न : मी शिक्षक आहे, लहानपण धार जिल्ह्यातल्या गावी गेलं, घरच्या बोअरचं पाणी प्यायलो. दातांवर पांढरे आणि तपकिरी पट्टे आहेत, विद्यार्थी विचारतात सर गुटखा खाता का. किट वापरलं तर पांढरे ठिपके अजून उठून दिसले आणि हिरडीही पोळली, म्हणून सोडलं.

सर, हे गुटख्याचे डाग नाहीत, हा फ्लोरोसिस आहे असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. धार आणि झाबुआच्या बऱ्याच भागांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात ते पाणी रोज पोटात गेलं की इनॅमल नीट बनत नाही. ते दात बाहेर येतात तेच डाग घेऊन. म्हणजे तुम्ही किती घासता याच्याशी याचा संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना वर्गात सांगितलंत तर त्यातल्या कुणाच्या तरी घरचं पाणी तपासलं जाईल, आणि ते माझ्या मते कुठल्याही जेलपेक्षा मोठं काम होईल. आठ-नऊ वर्षांच्या आतली लहान मुलं घरात असतील त्यांनी ते बोअरचं पाणी प्यायचं नाही, दुसरं पाणी बघायचं. इंदुरात नर्मदेचं पाणी येतं तिथे ही काळजी नाही, पण शहराबाहेरच्या नव्या कॉलन्यांत बोअरवर भागवतात त्यांनी एकदा पाण्याचा रिपोर्ट काढावा.

जेल लावल्यावर ठिपके उठून दिसले ते दात कोरडा पडल्यामुळे, एक-दोन दिवसांत ते बरेचसे खाली बसतात. तुमच्यासारख्या दातांना नुसतं जेल पुरत नाही. वरचा डागाळलेला थर अगदी थोडा घासून काढणं, पांढऱ्या ठिपक्यांत पातळ रेझिन झिरपवणं, मग सौम्य जेल, असं दोन-तीन गोष्टी मिळून करावं लागतं आणि खोल तपकिरी पट्टे असतील तर वरून पातळ थर बसवावा लागतो. खर्च परवडत नसेल तर इंदूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवा, एम. वाय. हॉस्पिटलच्या भागातच आहे, तिथे खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत होतं, वेळ मात्र काढावा लागतो. घरचं किट परत आणू नका.

प्रश्न : मिस्टरांनी मुलीचं दात पांढरं करायचं जेल लावून बघितलं, तेव्हापासून गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, दीड महिना झाला. दुखत नाही म्हणून ते दाखवत नाहीत. ते बरीच वर्षं गुटखा खात होते, आता सुपारी आणि तंबाखू वेगवेगळं आणून मिसळतात.

ताई, बाकी सगळी उत्तरं बाजूला ठेवा आणि हे वाचा. जेलने झालेला पांढरेपणा दीड महिना राहत नाही. तो काही तासांत किंवा काही दिवसांत जातो, पोळलेलं असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात भरतं. त्यामुळे हा चट्टा जेलचा नाही असं समजून चाला, तो आधीपासून असेल आणि जेलच्या निमित्ताने आरशात बघितला म्हणून दिसला असेल. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या गालात न पुसला जाणारा, न दुखणारा पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. सगळे चट्टे तसे नसतात, पण कुठला तसा आहे हे डोळ्यांनी घरी बसून कळत नाही, त्यासाठी तपासून गरज पडली तर छोटा तुकडा काढून बघावा लागतो. दुखत नाही हीच यातली फसवी गोष्ट आहे, सुरुवातीला दुखतच नाही.

तोंडातली कुठलीही जखम, चट्टा, गाठ दोन आठवड्यांवर राहिली की दाखवायची, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मिस्टरांना विचारा तोंड पूर्ण उघडतं का, तीन बोटं उभी आत जातात का, तिखट खाल्लं की झोंबतं का. तोंड कमी उघडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तो सुपारीचा परिणाम असतो. मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी १ एप्रिल २०१२ पासून आहे, नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सगळ्यात आधी आपल्याकडे आली, आणि त्यानंतर अशी वेगवेगळी पाकिटं आणून मिसळायची पद्धत पडली, शरीराला त्यात काहीच फरक पडत नाही. याच आठवड्यात घेऊन जा. रागावून जाणार नसतील तर दात साफ करायला चला म्हणून न्या, खुर्चीत बसल्यावर डॉक्टर गाल बघतीलच, तुम्ही आधी फोन करून सांगून ठेवा.

प्रश्न : उरलेल्या सिरिंज फ्रिजमध्ये ठेवल्या तर चालतील का? मागच्या मे महिन्यात आलेल्या आहेत.

पेरॉक्साइडचा जोर उष्णतेने जातो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचं बरोबर आहे, फ्रीझरमध्ये नाही, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. पण मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत ती किती तापली असेल ते कुणी सांगू शकत नाही, जोर कमी झालेला असणार, मग लोक भरपाई म्हणून जास्त घालतात आणि तिथून परत हिरडीची गोष्ट सुरू होते. एक्स्पायरी बघा, जेल पाण्यासारखं पातळ झालं असेल तर ते ट्रेमध्ये थांबणारच नाही, सरळ टाकून द्या. नवीन घ्यायचंच असेल तर दात दाखवल्यावर, १० टक्केवालं.